पाचव्या रस्त्याचा कोपरा : ॲडम्स आणि जेफरसन यांच्या मैत्रीचं प्रकरण

६ मार्च १७९७, सोमवार. फिलाडेल्फियात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडचं जेवण आटोपून दोन पाहुणे एकाच वेळी बाहेर पडले. एक जॉन ॲडम्स, दोनच दिवसांपूर्वी शपथ घेतलेले अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष. दुसरे टॉमस जेफरसन, त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या विरोधी पक्षाचे नेते. दोघे बरोबर चालू लागले.

तीन दिवसांपूर्वी ॲडम्स स्वतः जेफरसन यांच्या बिऱ्हाडी गेले होते. फ्रान्सशी संबंध बिघडत चालले होते आणि बोलणी करायला जेफरसन यांचे जिवलग सहकारी जेम्स मॅडिसन यांना पाठवावं, असं ॲडम्स यांच्या मनात होतं. आता रस्त्यात जेफरसन म्हणाले, मॅडिसन जायला तयार नाहीत. ॲडम्स अवघडले. म्हणाले, त्या नावाला मला वाटल्या नव्हत्या अशा हरकती आल्या आहेत. ते सबबी सांगत होते, शब्द सापडत नव्हते, तेवढ्यात पाचवा रस्ता आला. ॲडम्स यांना मार्केट स्ट्रीटने सरळ जायचं होतं, जेफरसन यांना पाचव्या रस्त्याला वळायचं होतं. दोघांनी निरोप घेतला. जेफरसन यांनी आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय की त्यानंतर ॲडम्स त्या विषयावर त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाहीत आणि राज्यकारभाराच्या कोणत्याही बाबतीत त्यांचा सल्ला घेतला नाही.

या दोघांची गोष्ट बहुतेक वेळा फार गोड करून सांगितली जाते: तरुणपणी मैत्री, मध्ये भांडण, म्हातारपणी समेट. मला ती तशी सांगावीशी वाटत नाही. मतं वेगळी होती म्हणून ही मैत्री तुटली, हे मला कागदपत्रांत कुठेही दिसत नाही. मतं तर आधीपासून वेगळी होती, आणि एकमेकांना ठाऊक होती. तुटलं ते दोघांमधलं बोलणं बंद पडल्यावर, आणि त्या रिकाम्या जागेत छापखानेवाले, पक्षाचे हितचिंतक आणि पैसे घेऊन लिहिणारे येऊन बसल्यावर. ते पायरीपायरीने कसं झालं हे पाहण्यासारखं आहे.

आधी काय होतं

वरवर पाहता दोघांचं जमावं असं काही नव्हतं. ॲडम्स मॅसॅच्युसेट्सचे, शेतकरी घरातले वकील. बुटके, अंगाने गोल, तोंडाळ, राग आला की तो लपवता न येणारे. जेफरसन व्हर्जिनियाचे जमीनदार, सहा फुटांहून उंच, सभेत गप्प आणि कागदावर बोलके. वयाने साडेसात वर्षांनी लहान. १७७५ मध्ये काँग्रेसमध्ये दोघांची ओळख झाली. पुढच्या वर्षी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली, तेव्हा मसुदा जेफरसन यांनीच लिहावा असा ॲडम्स यांचा आग्रह होता. 'तुम्ही माझ्यापेक्षा दसपट चांगलं लिहिता,' असं आपण म्हणाल्याचं त्यांनी उतारवयात सांगितलंय. सभागृहात त्या मसुद्याची बाजू मात्र लढवली ती ॲडम्स यांनी.

पण मैत्री घट्ट झाली ती युरोपात. जेफरसन यांची पत्नी १७८२ मध्ये वारली होती. १७८४ मध्ये ते पॅरिसला आले तेव्हा ॲडम्स आणि त्यांची पत्नी ॲबिगेल यांचं शहराबाहेरचं घर त्यांना आपल्या घरासारखं झालं. पुढे ॲडम्स लंडनला राजदूत झाले. १७८६ च्या वसंतात दोघं मिळून इंग्लंडमधल्या बागा पाहत फिरले, शेक्सपिअरच्या गावी गेले, आणि त्याची म्हणून दाखवतात त्या खुर्चीचा एक कपचा रिवाजाप्रमाणे काढून घेतला. त्याच्या पुढच्या वर्षी जेफरसन यांची आठ वर्षांची मुलगी पॉली समुद्र ओलांडून लंडनला उतरली, ती ॲबिगेल यांच्याच घरी. बापाने स्वतः न येता तिला न्यायला नोकर पाठवला. निघताना ती पोर ॲबिगेल यांच्या गळ्याला मिठी मारून रडली: 'आत्ता कुठे मला तुमची माया लागली, आणि आता मला का नेता?' हे रडणं लक्षात ठेवा. सतरा वर्षांनी ते परत येणार आहे.

मतभेद तेव्हाही होतेच. नव्या राज्यघटनेचा मसुदा दोघांनी परदेशात बसून वाचला, आणि ६ डिसेंबर १७८७ च्या पत्रात ॲडम्स यांनी फरक एका ओळीत मांडला: 'तुम्हाला एकाची भीती वाटते, मला मोजक्यांची.' म्हणजे जेफरसन यांना वाटे, राष्ट्राध्यक्ष उद्या राजा होऊन बसेल. ॲडम्स यांना वाटे, पैसेवाली, घरंदाज मंडळी सिनेट ताब्यात घेतील, आणि त्यांना आवरायला राष्ट्राध्यक्ष बळकटच हवा. बहुसंख्य लोकांना पुरतं प्रतिनिधित्व मिळावं याबद्दल आपलं एकमत आहे, हेही ॲडम्स यांनी तिथेच लिहिलं. पुढे दोघांच्या नावावर जे दोन पक्ष उभे राहिले त्यांच्या सगळ्या गदारोळात इतकं स्वच्छ वाक्य मला सापडलेलं नाही.

छापखाना

घटनेत पक्षाचं नावही नव्हतं. तरी वॉशिंग्टन यांच्याच मंत्रिमंडळात फळी पडली: अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्याकडे फेडरलिस्ट, परराष्ट्रमंत्री जेफरसन यांच्याकडे रिपब्लिकन. (आजचा रिपब्लिकन पक्ष हा नव्हे. तो १८५४ मध्ये जन्मला.) फ्रान्समधल्या राज्यक्रांतीने ती फळी रुंदावली. जेफरसन यांना त्यात आपल्याच लढ्याचं पुढचं पाऊल दिसत होतं, ॲडम्स यांना येणारा रक्तपात.

१७९१ मध्ये टॉमस पेन यांचं, त्या राज्यक्रांतीची बाजू मांडणारं 'राइट्स ऑफ मॅन' हे पुस्तक अमेरिकेत छापायला निघालं. जेफरसन यांनी प्रत छापखान्याकडे पाठवताना सोबत चिठ्ठी लिहिली: आपल्याकडे जी 'राजकीय पाखंडं' उगवली आहेत त्यांच्याविरुद्ध अखेर कुणीतरी बोलतंय, याचा आनंद आहे. छापखान्याने ती चिठ्ठी नावानिशी पुस्तकाच्या पुढे छापली. रोख ॲडम्स यांच्या लेखांवर होता हे सगळ्यांनी ओळखलं. जेफरसन यांनी दोन महिन्यांहून अधिक काळ गप्प राहून मग ॲडम्स यांना लिहिलं की सरकार कसं असावं याबद्दल आपली मतं वेगळी आहेत हे दोघांनाही माहीत आहे, पण मित्रांनी जसे मतभेद ठेवावेत तसे आपण ठेवले, एकमेकांच्या हेतूंवर शंका न घेता आणि खासगी बोलण्यापुरते.

वाक्य सुंदर आहे आणि त्या क्षणापर्यंत खरंही होतं. पण आता ती गोष्ट खासगी राहिली नव्हती.

न पाठवलेलं पत्र

माझ्या मते या प्रकरणाचा खरा सांधा इथे आहे. १७९६ च्या निवडणुकीत ॲडम्स यांना राज्यांनी निवडलेल्या निर्वाचकांची ७१ मतं पडली, जेफरसन यांना ६८. तेव्हाच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या क्रमांकाचा माणूस उपराष्ट्राध्यक्ष व्हायचा, मग तो विरोधातला का असेना. २८ डिसेंबरला जेफरसन यांनी ॲडम्स यांना पत्र लिहिलं: निकाल याहून वेगळा लागावा असं मला कधी वाटलं नाही, माणसांवर राज्य करायची मला हौस नाही. 'न्यूयॉर्कच्या तुमच्या त्या जिवलग मित्रापासून' सावध राहा, असा हॅमिल्टन यांच्याबद्दल इशाराही दिला. पत्र थेट न पाठवता त्यांनी ते आधी मॅडिसन यांना दाखवलं.

मॅडिसन यांनी १५ जानेवारी १७९७ ला कारणं मोजून कळवली. ॲडम्स यांना तुमचा स्नेह ठाऊकच आहे. तुमच्यासाठी राबलेल्या लोकांना काय वाटेल? आणि सगळ्यात वजनदार कारण: उद्या ॲडम्स यांच्या धोरणाला विरोध करायची वेळ आली, तर तुमच्या सहीचा हा कागद त्यांच्या हातात असेल. पत्र मॅडिसन यांच्यापाशीच राहिलं.

सल्ला म्हणून यात खोट काढता येत नाही. पक्षाच्या चांगल्या कार्यकर्त्याने नेमकं हेच सांगायला हवं होतं. पण मैत्रीतला कागद उद्याचा पुरावा म्हणून पाहायची सवय एकदा लागली की कुठलंच पत्र टपालात पडत नाही. पलीकडे ॲडम्स यांचीही तीच गत झाली. मॅडिसन यांचं नाव काढताच त्यांचे मंत्री बिथरले आणि ॲडम्स मागे हटले. पाचव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जी दोन माणसं अडखळत होती, त्या दोघांच्याही मागे आपापला पक्ष उभा होता.

पुढची चार वर्षं

इथून घसरण वेगाने झाली. फ्रान्सशी युद्धाचं वारं सुटलं आणि १७९८ मध्ये फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा आणला: सरकारवर खोटी, बदनामीकारक टीका केली तर दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. ॲडम्स यांनी सही केली. व्हर्मोंटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन चार महिने तुरुंगात गेले आणि तिथूनच पुन्हा निवडून आले. जेफरसन यांनी उपराष्ट्राध्यक्षपदी असतानाच, नाव लपवून, या कायद्याविरुद्धचे केंटकीचे ठराव लिहिले. शिवाय जेम्स कॅलेंडर नावाच्या पत्रककाराला पैसे पोचवले, आणि त्या कॅलेंडरने ॲडम्स यांच्यावर इतकी घाण ओकली की त्याला नऊ महिने कैद झाली.

मला विचाराल तर ॲडम्स यांचा दोष मोठा आहे, कारण त्यांनी माणसं तुरुंगात घातली. जेफरसन यांचा दोष वेगळ्या जातीचा आहे. त्यांनी समोरून काहीच केलं नाही. मैत्रीला मारक ठरला तो हा दुसरा.

१८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्यांचेच सहकारी ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली, ॲडम्स यांना ६५. दक्षिणेत गुलामांची पाचामागे तीन अशी मोजणी धरून जागा आणि निर्वाचकांची संख्या ठरत, आणि ती मोजणी नसती तर ॲडम्स जिंकले असते, असं अनेक इतिहासकार मांडतात. बरोबरी सुटायला प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं. त्याच हिवाळ्यात ॲडम्स यांचा मुलगा चार्ल्स वारला. ४ मार्च १८०१ ला पहाटे चार वाजता ॲडम्स राजधानी सोडून निघून गेले. काही तासांनी जेफरसन शपथविधीत म्हणाले, आपण सगळे रिपब्लिकन आहोत, आपण सगळे फेडरलिस्ट आहोत. ऐकायला मित्र तिथे नव्हता.

ॲबिगेल यांचं पत्र

१८०४ च्या एप्रिलमध्ये पॉली वारली. ॲबिगेल यांनी नवऱ्याला न सांगता जेफरसन यांना सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यात ती लंडनची मिठी आणि ते रडणं जसंच्या तसं होतं. सही करताना शब्द मोजून वापरले: 'जिला एके काळी स्वतःला तुमची मैत्रीण म्हणवण्यात आनंद वाटे.'

जेफरसन यांना ही उघडी झालेली फट दिसली, पण त्यांनी उत्तरात एक वाक्य जास्त घातलं. ॲडम्स यांच्या एकाच कृतीचं आपल्याला वैयक्तिक दुःख झालं, ती म्हणजे जाता जाता केलेल्या न्यायाधीशांच्या नेमणुका. मग ॲबिगेल यांनीही पोटातलं बाहेर काढलं: आणि कॅलेंडरला दिलेले पैसे? ती केवळ मदत होती, असं जेफरसन यांचं म्हणणं. ॲबिगेल यांना ते पटलं नाही, आणि ते पटण्यासारखं नव्हतंच. ऑक्टोबरपर्यंत पत्रं चालली आणि थांबली. नोव्हेंबरमध्ये ॲडम्स यांनी तो सगळा गठ्ठा वाचला आणि खाली टीप लिहिली की हा पत्रव्यवहार मला न कळता झाला, आणि या वेळी, या ठिकाणी मला त्यावर काही म्हणायचं नाही.

अशा फसलेल्या प्रयत्नांना लोक कमी लेखतात. पण जे मनात कुजत होतं ते पहिल्यांदा कागदावर आलं, ते इथेच.

मध्यस्थ

समेट घडवला फिलाडेल्फियाच्या डॉक्टर बेंजामिन रश यांनी. जाहीरनाम्यावर त्यांचीही सही होती आणि दोघांशी त्यांचा घरोबा होता. १८०९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी ॲडम्स यांना एक 'स्वप्न' लिहून कळवलं: दोन जुने राष्ट्राध्यक्ष पुन्हा पत्रं लिहू लागतात, असं भविष्यातल्या इतिहासाच्या पुस्तकात वाचल्याचं. ॲडम्स यांना मौज वाटली, पण ते हलले नाहीत. रश दोन वर्षं दोन्हीकडे लिहीत राहिले. १८११ मध्ये जेफरसन यांच्या शेजारचे दोन तरुण ॲडम्स यांच्या घरी गेले. म्हातारबुवांनी आधी मनसोक्त तक्रारी केल्या आणि मग म्हणाले, 'जेफरसन मला नेहमीच प्रिय होता, आजही आहे.' हे कानावर येताच जेफरसन यांनी रश यांना कळवलं: मला एवढं पुरे.

१ जानेवारी १८१२ ला ॲडम्स यांनी छोटं पत्र टाकलं, सोबत 'घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे' पाठवतोय असं लिहून. पार्सल मागे राहिलं, पत्र आधी पोचलं. जेफरसन यांना ते खरंच कापड वाटलं, आणि उत्तरात त्यांनी व्हर्जिनियातल्या घरोघरच्या चरख्यांबद्दल, मागांबद्दल सविस्तर लिहिलं. मग पार्सल आलं. त्यात ॲडम्स यांचे चिरंजीव जॉन क्विन्सी यांच्या व्याख्यानांचे दोन खंड होते. अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर पहिला विषय सूतकताईचा निघाला, याचं मला फार बरं वाटतं. सुरुवातीला हातात धरायला असलंच काहीतरी लागतं.

पत्रांतली भांडणं

पुढच्या साडेचौदा वर्षांत १५८ पत्रं झाली: ॲडम्स यांची १०९, जेफरसन यांची ४९. पहिलं वादळ १८१३ मध्ये आलं. जेफरसन यांचं १८०१ मधलं एक खासगी पत्र लंडनमध्ये छापून आलं, आणि त्यात ॲडम्स यांच्या कारकिर्दीबद्दल कडू शब्द होते. ॲडम्स यांनी ते वाचलं आणि एकामागून एक पत्रं धडकू लागली. १७९१ मध्ये झालं तेच पुन्हा: खासगी शब्द, तिऱ्हाइताचा छापखाना. फरक एवढाच की या वेळी जेफरसन यांनी उत्तर टाळलं नाही. ते शब्द आपलेच आहेत, पण रोख तुमच्यावर नव्हे, तुमच्या पक्षावर होता, असं त्यांनी समजावलं. तुमची मतं वेगळी असली तरी माझ्या मतांसाठी मी जी उदारता मागतो तीच तुमच्यासाठी ठेवीन, असंही लिहिलं.

मग खरा वाद सुरू झाला. जेफरसन म्हणाले, हे दोन पक्ष सर्व काळी होते. ॲडम्स उत्तरले, दोन्ही पक्षांची खरी धास्ती एकच: निवडणूक हरू आणि ताटातली भाकरी-मासळी जाईल. राजद्रोहाच्या कायद्याबरोबरच आलेल्या परकीयांविरुद्धच्या कायद्याचा विषय निघाला तेव्हा त्यांनी लिहिलं, त्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून माझं नाव आहे तसं उपराष्ट्राध्यक्ष म्हणून तुमचंही आहे. हा बचाव लंगडा होता, आणि जेफरसन यांनी तो धरून ताणला नाही. गुण आणि बुद्धी असलेल्यांचीच खरी उमरावशाही असते, असं जेफरसन यांनी मांडलं. ॲडम्स यांनी खांब मोजून दाखवले: सौंदर्य, संपत्ती, कुळ, बुद्धी, सद्गुण, आणि पहिल्या तिघांतला कुठलाही एक उरलेल्या दोघांना खाली बसवतो. माझ्या मते इथे ॲडम्स यांनी बाजी मारली. फ्रान्सबाबत तर जेफरसन यांनीच १८१६ मध्ये कबूल केलं की तुमचं भाकीत माझ्यापेक्षा खरं ठरलं.

१५ जुलै १८१३ च्या पत्रात ॲडम्स यांचं एक वाक्य आहे: 'एकमेकांना आपली बाजू समजावून सांगितल्याशिवाय तुम्ही आणि मी मरता कामा नये.' त्यांनी पटवून देणं म्हटलेलं नाही, समजावून सांगणं म्हटलंय. मराठी वाचकाला इथे टिळक-आगरकर आठवल्यावाचून राहणार नाहीत. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढलेल्या त्या दोघांना ही वर्षं मिळाली नाहीत. आगरकर चाळिशीही न गाठता १८९५ मध्ये गेले.

ज्यावर बोलणं झालं नाही

एक गोष्ट मला या पत्रांत सलत राहते. ॲडम्स यांनी आयुष्यात एकही गुलाम ठेवला नाही. जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती. पॉलीबरोबर लंडनला उतरलेली चौदा वर्षांची सॅली हेमिंग्ज त्यांतलीच. तरी गुलामगिरीवर हे दोघे मनापासून भिडले नाहीत. मिसूरी या नव्या राज्यात गुलामगिरी असू द्यायची का, हा प्रश्न पेटला तेव्हा, १८२१ मध्ये, ॲडम्स यांनी लिहिलं की अर्धं शतक हा काळा ढग मी देशावर लोंबकळताना पाहतोय, आणि दक्षिणेच्या लोकांना मी नेहमी सांगत आलो की मला हे उमगत नाही, हे तुमच्यावर सोडतो. मैत्री टिकली त्याची किंमत काही अंशी ही होती, आणि ती या दोघांपैकी कुणी भरली नाही. हे सांगितल्याशिवाय मला हे प्रकरण पुरं म्हणता येत नाही.

अखेरची दोन पत्रं

१८२३ मध्ये कुणीतरी शिळ्या कढीला ऊत आणला. जॉन क्विन्सी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहणार होते, त्यांना अडचणीत आणायला ॲडम्स यांची अबोल्याच्या काळातली, जेफरसन यांना झोडपणारी खासगी पत्रं छापली गेली. तिसऱ्यांदा तोच सापळा. जेफरसन यांनी लगेच लिहिलं, की या वयात आपण जुन्या, विसरलेल्या गोष्टी उकरून आयुष्याच्या संध्याकाळची गोडी घालवायची, हे विचित्रच होईल. हे पत्र क्विन्सी या ॲडम्स यांच्या गावी पोचलं तेव्हा ॲडम्स कुटुंबासह न्याहारीला बसले होते. डोळ्यांनी वाचता येत नव्हतं. घरातल्या एका मुलीला ते म्हणाले, मि. जेफरसन आणि माझ्यात काही गुपित नाही, तूच उघड आणि वाच. वाचून झाल्यावर टेबलाभोवती एकच कल्ला झाला: हे छापायलाच हवं! ॲडम्स म्हणाले, थांबा, त्यांच्या परवानगीशिवाय अजिबात नाही.

मार्च १८२६ मध्ये जेफरसन यांनी शेवटचं पत्र लिहिलं ते नातवाच्या हाती, त्याला तुम्हाला एकदा पाहायचंय म्हणून. १७ एप्रिलला ॲडम्स यांनी उत्तर दिलं. दोघेही ४ जुलैला, जाहीरनाम्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, जाणार होते, पण ते पत्रात कुठे कळणार? पत्रात आहे ते असं: नातू भेटला, तुम्ही व्हर्जिनियाची माणसं एवढी उंच कशी हो, आम्ही तुमच्यापुढे बुटबैंगण. राजकारण नेहमीसारखंच चाललंय, अखंड लबाडी, आणि वैयक्तिक शिवीगाळ पूर्वीपेक्षा जरा जास्तच. घरच्या सगळ्यांना प्रेम सांगा, तब्येतीला जपा.